मुद्दा सुचला, तोवर विषय पुढे गेला

लंबगोल टेबल, भोवती बारा खुर्च्या, खिडकीबाहेर इंग्लंडच्या उत्तरेतला ऑक्टोबरचा पाऊस. त्या आठवड्याचं वाचन चाळीस पानांचं होतं आणि ते मी दोनदा केलं होतं, समासात पेन्सिलीनं मुद्देही काढले होते. प्राध्यापिकाबाईंनी पहिला प्रश्न टाकला. उत्तर माझ्याकडे होतं. ते मनात इंग्रजीत मांडलं, 'वॉज' की 'हॅड बीन' यावर अडले, वाक्य दुरुस्त केलं, तोंड उघडलं आणि पाहते तर ब्राझीलची एक मुलगी तोच मुद्दा, व्याकरणाच्या दोन ठळक चुकांसकट, बोलून मोकळी झाली होती. बाईंनी मान डोलावली, चर्चा पुढे सरकली. पन्नास मिनिटांत माझं असं तीनदा झालं. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये मला साडेसात बँड होता.

पुढे बाहेर शिकायला निघालेल्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा हीच गोष्ट निरनिराळ्या तोंडून ऐकली. नाशिकचा, लातूरचा, मडगावचा, कुठलाही विद्यार्थी घ्या. "मॅडम, लेक्चर कळतं, असाइनमेंटला मार्कही पडतात, पण सेमिनारमध्ये तोंडच उघडत नाही." इंग्रजी माध्यमातून आलेलेही हेच सांगतात. त्यामुळे मराठी शाळेच्या माथी खापर फोडून काही हाती लागत नाही.

आधी परीक्षेचं बघू, कारण तिथला बँड हाती आला की बोलण्याचा प्रश्न सुटला असं बहुतेकांना वाटतं. आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. समोर एकच परीक्षक. मधल्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि मग दोनेक मिनिटं तुम्ही एकट्यानं बोलायचं. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना गुण. सगळं रास्त आहे. फक्त तिथे तुमची पाळी तुम्हाला कुणीतरी देतं आणि तुमचं होईपर्यंत थांबतं. सेमिनारमध्ये पाळी देणारं कुणी नसतं. ती आपली आपण घ्यायची, आणि याची सवय आपल्याला कुठल्याच क्लासनं लावलेली नसते.

आपल्याकडची तालीम कशाची असते? 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' पासून 'एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो' पर्यंतची पाच मिनिटं. भाषण घरच्यांनी नाहीतर बाईंनी लिहून दिलेलं, मध्ये कुणी बोलायचं नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नलनं व्याख्या विचारली की पुस्तकातली घडाघडा म्हणायची. ऐन व्याख्यानातही श्रोते तासभर शांत बसतात आणि आभारप्रदर्शनानंतरच बोलायला लागतात. यात वाईट काही नाही. माझा सभाधीटपणा याच तालमीतला. पण या सगळ्यात तोंडातून बाहेर पडतो तो पक्का झालेला मजकूर. सेमिनारच्या टेबलाभोवती लोक कच्चा विचार घेऊन येतात आणि चारचौघांत तो शिजवतात. ब्राझीलच्या त्या मुलीचं इंग्रजी माझ्याहून बरं नव्हतं. आपलं वाक्य अर्धवट आहे याची तिला लाज वाटत नव्हती, एवढाच फरक.

तेव्हा पहिली सवय ही लावा: पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला. काहीही चालेल. "तुम्ही कुठल्या पानाबद्दल बोलताय?" एवढं विचारलं तरी चालेल. आपला आवाज एकदा खोलीत उमटला की दुसऱ्यांदा तो जड जात नाही. पाऊण तास गप्प बसून पहिलंच वाक्य टाकायचं म्हटलं, तर ते फार मोलाचं असायला हवं असं वाटू लागतं आणि मग ते येतच नाही. त्यासाठी वाचन करतानाच एक प्रश्न आणि एक न पटलेली गोष्ट कागदावर लिहून न्या. पूर्ण वाक्य लिहू नका, चार शब्द लिहा. पूर्ण वाक्य लिहिलं की तुम्ही ते वाचून दाखवणार, आणि वाचलेलं वाक्य टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ओळखू येतं.

पाळी घ्यायला दोन-चार वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत, पाढ्यांसारखी. 'कॅन आय जस्ट कम इन देअर?' म्हणजे मध्येच बोलू का. 'टू अॅड टू दॅट' म्हणजे आत्ता झालं त्यालाच जोडून. 'आय'म थिंकिंग अलाउड हिअर' म्हणजे हे अजून पक्कं नाही, बोलता बोलता सुचतंय. हे तिसरं फार कामाचं. ते म्हटलं की पुढचं वाक्य अडखळलं तरी कुणाला खटकत नाही. आणि सगळ्यात मोलाचं, जे मला पाच आठवडे कुणी सांगितलं नाही, ते म्हणजे 'कॅन आय गो बॅक टू समथिंग?' मुद्दा सुचला आणि विषय पुढे गेला, तर मागे जाता येतं. तिथे तो उद्धटपणा समजत नाहीत. उलट आधीच्या चर्चेवर विचार करत बसलेला माणूस म्हणून तुमच्याकडे पाहतात.

अमेरिकेत याला आणखी एक व्यवहारी बाजू आहे. तिथे पुष्कळ कोर्सेसमध्ये वर्गातल्या सहभागाला वेगळे गुण असतात आणि किती ते सिलॅबसमध्ये पहिल्याच आठवड्यात छापून येतं. लेखी उत्तम असूनही मुलांचे गुण इथे जातात. सिलॅबस हाती पडला की तो आकडा आधी शोधा.

आता दुसऱ्याचं न पटलेलं कसं सांगायचं? आपली मुलं इथे दोन टोकांना जातात. एक तर गप्प, नाहीतर एकदम 'नो, दॅट इज राँग'. मधली वाट शिकायची तर मी एक जुना निबंध वाचायला देते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, मराठी मातृभाषेच्या पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं तो वाचला होता. विद्यार्थी भीमराव आंबेडकर, निबंध 'कास्ट्स इन इंडिया'. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला आणि आज तो सहज मिळतो. जातीचा अभ्यास म्हणून त्याची थोरवी आहेच, पण मी तो बोलण्याचा नमुना म्हणून वाचायला सांगते. सेनार, नेसफिल्ड, रिझ्ली आणि श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढे ज्ञानकोशकार झालेले आपले केतकर, अशा चौघांच्या व्याख्या आंबेडकर आधी श्रोत्यांपुढे ठेवतात. मग एकेक हातात घेतात. कुठे काय सापडलंय आणि कुठे काय निसटलंय ते सांगतात. एकटी कुठलीच व्याख्या पुरी पडत नाही, पण सगळ्या मिळून एकमेकींना पूरक आहेत, असं म्हणतात. केतकरांच्या विवेचनाला तर ते आधी मनापासून दाद देतात. जातीबाहेर लग्न न करणं आणि जन्मानंच जातीत येणं ही दोन लक्षणं केतकरांनी वेगळी मानली. ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, एवढ्या एकाच जागी ते अडवतात. केतकरांच्या बाकीच्या विवेचनाला धक्का लावत नाहीत.

आपल्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडण्याची रीत होती, तीच ही. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं आपण आधी सांगायचं, त्यातलं काय पटलं ते म्हणायचं आणि मग नेमकी कुठे वाट वेगळी होते त्यावर बोट ठेवायचं. सेमिनारमध्ये याची तीन छोटी वाक्यं होतात. 'इफ आय'व्ह अंडरस्टुड यू' असं म्हणून त्याचा मुद्दा. 'आय टेक द पॉइंट अबाउट' असं म्हणून मान्य तेवढं. 'व्हेअर आय'म लेस शुअर इज' असं म्हणून हरकत. शेवटच्यात तुम्ही 'तू चुकलास' म्हणतच नाही, तरी ऐकणाऱ्याला ते पोचतं. ही गुळमुळीत बोलण्याची युक्ती आहे असं मुलांना वाटतं. तसं नाही. 'मे', 'टेंड्स टू', 'सीम्स' हे शब्द आपला पुरावा किती भक्कम आहे त्याचं माप सांगतात. मराठीत आपण 'बहुधा', 'असं दिसतं', 'निदान या भागात तरी' म्हणतोच की. इंग्रजीत शिरलो की हे सगळं दाराबाहेर चपलांजवळ ठेवून जातो.

मराठीतलं जे दाराबाहेर ठेवायला हवं, ते मात्र आत येतं. आपला 'च' घ्या. 'कालच आलो' चं 'आय केम यस्टर्डे ओन्ली' होतं, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की 'ओन्ली' कशासाठी. तो 'च' इंग्रजीत शब्दानं येत नाही, आवाजाच्या जोरानं येतो: 'यस्टर्डे' वर जोर द्या, झालं. 'डाउट' त्याहून घातक. माझ्या एका विद्यार्थिनीनं तास संपल्यावर 'आय हॅव अ डाउट' म्हटलं आणि प्राध्यापक गंभीर होऊन विचारू लागले, कुठल्या निष्कर्षावर तुझा विश्वास नाही? तिला फक्त आलेखाचा उभा अक्ष विचारायचा होता. आपला 'डाउट' म्हणजे त्यांचा 'क्वेश्चन'. त्यांचा 'डाउट' म्हणजे आपली शंका नव्हे, संशय. 'आय पास्ड आउट इन २०२२' ऐकून लोकांना तुम्ही बेशुद्ध पडला होतात असं वाटतं, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. ब्रिटनमध्ये प्राध्यापकाला 'सर' म्हणू नका, पहिल्या नावानं हाक मारा. जीभ रेटत नाही हे मला माहीत आहे, मला दोन महिने लागले. अमेरिकेत 'प्रोफेसर' आणि आडनाव, ते स्वतः सांगेपर्यंत.

उच्चारांबद्दल सगळ्यांत जास्त काळजी केली जाते आणि बहुतेक ती चुकीच्या जागी. मराठी वळणाचं इंग्रजी हा दोष नाही. तुमच्या शेजारी ग्लासगोचा आणि लागोसचा विद्यार्थी बसलेला असेल, त्यांचंही वळण असतंच. इंग्रज व्हायच्या नादात जीभ वाकडी करणाऱ्या मुलांचं बोलणं उलट कमी समजतं. पण दोन गोष्टींवर खरोखर घाम गाळावा.

पहिली, शब्दातला जोर. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्याच वजनानं म्हणतो. इंग्रजी ऐकणारा जोराचं अक्षर शोधतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. जोर चुकला तर शुद्ध उच्चारलेला शब्दही त्याला सापडत नाही. 'पॅरामीटर' म्हणताना आपण 'मी' वर रेंगाळतो. तो शब्द 'परॅमिटर' असा, 'रॅ' वर जोर देऊन. 'डेव्हलपमेंट' चा जोर 'व्हे' वर. 'डिटरमाइन' हा शब्दच नाही, तो 'डिटर्मिन'. गंमत म्हणजे शब्दाचं कुटुंब वाढलं की जोर जागा बदलतो: 'अॅनलाइज' मध्ये पहिल्या अक्षरावर, 'अनॅलिसिस' मध्ये दुसऱ्यावर, 'अॅनलिटिकल' मध्ये तिसऱ्यावर. आपल्या विषयातले चाळीस शब्द काढा, म्हणजे जे तुमच्या प्रबंधात रोज येणार आहेत तेच. शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ऐका, जोराच्या अक्षराखाली रेघ मारा आणि त्या अक्षरावर टेबलावर टिचकी मारत मोठ्यानं म्हणा. पंधरवड्यात फरक कळतो. हजार शब्दांच्या मागे लागलात तर एकही होणार नाही.

दुसरी, 'प', 'ट' आणि 'क'. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला हे म्हणतो तेव्हा तोंडातून हवेचा छोटा झोत सुटतो. आपले प-ट-क कोरडे. त्यामुळे आपण 'पाय चार्ट' म्हणतो आणि त्याला 'बाय चार्ट' ऐकू येतं. 'टाउन' चं 'डाउन', 'कोट' चं 'गोट' होतं. उपाय मराठीतच आहे. जुनी माणसं 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटून जो 'फ' काढतात तो आठवा. त्याच्या निम्मी हवा 'प' मध्ये घाला. 'ट' ला 'ठ' च्या दिशेनं आणि 'क' ला 'ख' च्या दिशेनं अर्ध्या वाटेपर्यंत न्या. ओठांसमोर टिश्यूपेपरची पट्टी धरून 'पेपर' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. 'स्टडी', 'स्पीच' मध्ये आधी 'स' आहे, तिथे हवा नको, तिथे आपलं कोरडं उच्चारणच बरोबर. ही करामत युरोपातल्या पुष्कळ भाषांच्या मुलांना वर्षभर जमत नाही. आपल्याकडे ख-ठ-फ बाराखडीतच असल्यामुळे आपल्याला आठवड्यात जमते.

एक सवय वाक्याच्या पातळीवरची. आपण गोष्ट मुळापासून सांगतो. 'त्याचं काय झालं' ने सुरू करून, परिस्थिती सांगून, कारणं देऊन शेवटी मुद्द्यावर येतो. मराठीत क्रियापदही शेवटी, त्यामुळे ऐकणारा शेवटापर्यंत थांबायला सरावलेला असतो. सेमिनारमध्ये तो थांबत नाही. पहिल्या वाक्यात निष्कर्ष, दुसऱ्यात कारण, आणि कुणी विचारलं तर पार्श्वभूमी.

शब्दसंपत्तीवर मुलं उगाच जीव काढतात. विद्यापीठात बोललं जाणारं इंग्रजी पुस्तकी असतं ही समजूतच चुकीची. मिशिगन विद्यापीठानं आपल्याच आवारातली लेक्चर्स, चर्चा, ऑफिस अवर्स, लॅबमधली बोलणी असे १५२ प्रसंग ध्वनिमुद्रित करून त्यांचे सुमारे १८ लाख शब्द उतरवून ठेवले आहेत. हा संग्रह 'मायकेस' म्हणून ओळखला जातो. त्यातलं कुठलंही पान उघडा. 'ओके, सो', 'काइंड ऑफ', 'द थिंग इज', अर्ध्यात सोडून नव्यानं सुरू केलेली वाक्यं. मोठमोठे प्राध्यापक असे बोलतात हे वाचूनच माझ्या विद्यार्थ्यांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं. जर्नलमधलं वाक्य तोंडानं म्हणायला गेलात तर तुमचीच दमछाक होईल.

सरावाची एक पद्धत मी सगळ्यांना करायला लावते. किथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये ती मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाशिक्षक पॉल नेशन यांच्यामुळे ती पुष्कळ पसरली. एकच विषय एका माणसाला चार मिनिटांत सांगा, लगेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, लगेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. कागद हातात नाही. पहिल्या वेळी शब्द शोधावे लागतात. तिसऱ्या वेळेपर्यंत ते जिभेवर आलेले असतात आणि अडखळणं आपोआप गळतं. तीन माणसं कुठून आणायची? परदेशात आपली मुलं बहुधा चार-पाच जण मिळून घर घेतात, स्वयंपाकाची पाळी लावतात आणि दिवसभर मराठीत बोलतात. मराठी मुलांबरोबर राहू नका असा सल्ला मी देत नाही. थंडीत रात्री नऊ वाजता कुणीतरी केलेली मुगाची खिचडी ही अभ्यासाइतकीच गरजेची असते. त्याच चौघांना कामाला लावा. तुमचा विषय आधी मराठीत समजावून सांगा, तोही तुमच्या शाखेबाहेरच्या मुलाला. मराठीतही जो मुद्दा गुळमुळीत निघतो तो तुम्हालाच कळलेला नसतो, आणि त्याचं खापर तुम्ही इतके दिवस इंग्रजीवर फोडत असता. मग चार, तीन, दोन. आठवड्यातून दोनदा, भांडी घासता घासता झालं तरी चालेल.

न कळलेलं पुन्हा विचारणं हाही बोलण्याचाच भाग. आपण नुसती मान हलवतो, आणि ती हो की नाही हे त्यांना आयुष्यात कळत नाही. नुसतं 'सॉरी?' म्हटलं तर समोरचा तेच वाक्य मोठ्यानं म्हणतो. 'तुमचा पहिला मुद्दा कळला, नमुन्याच्या आकाराबद्दल काय म्हणालात ते निसटलं' असं नेमकं सांगा, म्हणजे तो वाक्य बदलून सांगेल. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला जा. दार उघडं असतं, बहुतेक वेळा समोर कुणीच नसतं, आणि एकट्या माणसाशी विषयावर बोलण्याची याहून सोपी जागा विद्यापीठात नाही. ब्रिटनमधल्या पुष्कळ विद्यापीठांत शिकत असताना घेता येणारे इंग्रजीचे वर्ग असतात, ते बहुधा मोफत असतात आणि लवकर भरतात. नाव पहिल्या आठवड्यात घाला, पहिली असाइनमेंट परत आल्यावर नव्हे.

प्रेझेंटेशनबद्दल थोडकंच, कारण तिथे आपली वक्तृत्वाची तालीम कामाला येते. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ करा, मधलं पाठ करू नका. घाबरलेला माणूस पहिल्या वाक्यांतच धावतो. ती पाठ असली तर वेग हातात राहतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली: पीएच.डी.चं सगळं काम तीन मिनिटांत आणि एका स्लाइडवर. तिची भाषणं इंटरनेटवर भरपूर आहेत. तुमच्या विषयाजवळचं एक निवडा, वाक्यावाक्याला थांबवून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ म्हणा. तो दम कुठे घेतो तिकडे लक्ष ठेवा.

पाचव्या आठवड्यात मी बोलले. विषय दोन प्रश्न पुढे गेला होता. 'कॅन आय गो बॅक टू समथिंग?' असं म्हटलं तेव्हा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि अकरा माना वळल्या. चौदाव्या पानावर लेखक एका शब्दाचा अर्थ गुपचूप बदलतो, एवढंच मला सांगायचं होतं. मध्ये 'वॉज' च्या जागी 'हॅड बीन' आलंच. ब्राझीलच्या मुलीनं पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, चौदा नाही, बारा. मग आम्ही दोघींनी तिचं पुस्तक मध्ये ठेवलं आणि बारावं पान शोधायला लागलो.